जुनी अ‍ॅलॉय चाकं: घासण्याआधी थर ओळखा

माझं पहिलं चाक मळाने खराब झालं नाही, मीच ते साफ करताना खराब केलं. ब्रेकची काळी धूळ वर्षानुवर्षं साचून चाक तपकिरी पडलं होतं आणि साबणाला दाद देत नव्हतं. कुणीतरी सांगितलं, ओव्हन साफ करायचा फेस मार, पाच मिनिटांत चकाचक. मारला. मळ खरोखर ओघळून गेला. पण पाणी मारल्यावर पाहतो तर मधल्या टोपीची ती मऊ, रेशमी चमक गेलेली आणि तिथे खडू फासल्यासारखे पांढरट पट्टे. फेस ज्या वाटेने खाली उतरला होता, ती वाट जशीच्या तशी उमटली होती. पुसलं, घासलं, पॉलिश चोळलं, काहीही फरक नाही. फेसाने मळाबरोबर धातूवरचा थरही नेला होता.

त्या फेसात कॉस्टिक सोडा असतो. लोखंडाला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी. हा धातू तीव्र आम्लातही विरघळतो आणि तीव्र अल्कातही, शिवाय विरघळताना हायड्रोजनचे बुडबुडे सोडतो. माझी टोपी अ‍ॅनोडाइझ केलेली होती, म्हणजे तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमच्याच ऑक्साइडचा मुद्दाम वाढवलेला थर होता. कॉस्टिकने तोच खाल्ला.

त्यानंतर एक सवय लागली. चाक पुढ्यात आलं की आधी विचारायचं, याच्यावर काय आहे? साबण कोणता, घासायचा पेपर किती नंबरचा, पॉलिश करायचं की रंगवायचं, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. नव्याने या कामाला लागणारे नेमकी हीच पायरी गाळतात, म्हणून इथे तिच्यावर जरा जास्त वेळ घालवतो.

पायरी १: वर काय आहे ते ओळखा

आजची बहुतेक अ‍ॅलॉय चाकं ओतीव असतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम, असा तो मिश्रधातू असतो. कल्पना नवी नाही, बुगाटीच्या टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीला १९२४ मध्येच ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाकं होती. धातू सगळीकडे जवळपास तोच, पण त्यावरचा थर मात्र पाच-सहा तऱ्हांचा.

सर्वांत जास्त सापडतं ते रंगवलेलं चाक. प्रायमर, वर चंदेरी किंवा राखाडी रंग आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. या चाकाकडे गाडीच्या बॉनेटसारखंच बघायचं. त्याला धातूचं पॉलिश चोळण्यात काही अर्थ नाही, कारण तुमचा हात धातूपर्यंत पोचतच नाही.

दुसरं डायमंड कट. त्याची दर्शनी बाजू लेथवर कापलेली असते. चाकावर टॉर्चचा उजेड तिरपा टाका. ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा बारीक गोल रेघा दिसल्या, आणि खोबणींमध्ये काळा किंवा गडद राखाडी रंग असला, की समजा हेच ते. रेघांवर क्लिअर कोट असतो. हे चाक हाताने घासलंत तर रेघा जातात आणि त्या परत फक्त लेथवरच येतात. लेथवरही दरवेळी थोडा धातू कमी होतो, त्यामुळे एका चाकाचं असं पुनर्कटिंग मोजक्याच वेळा करता येतं.

तिसरं उघडं पॉलिश केलेलं अ‍ॅल्युमिनियम, ज्यावर काहीच थर नसतो. जुन्या गाड्यांवर आणि हौसेने बसवलेल्या चाकांवर हे दिसतं. चौथं अ‍ॅनोडाइझ केलेलं. पोर्शे ९११ची ‘फुक्स’ चाकं, जी १९६६ पासून येऊ लागली, ती याच प्रकारातली म्हणून प्रसिद्ध आहेत. पाचवं क्रोम. आरशासारखं, किंचित निळसर झाक असलेलं. ते बिघडलं की साल निघावी तसं निघतं आणि त्या सालीची धार बोट कापते. क्रोम उखडायला लागलं असेल तर घरी त्यावर काहीच करण्यासारखं नाही.

आता परीक्षा. चाकाच्या मागच्या बाजूला, आऱ्याच्या आतल्या अंगाला नखाएवढी जागा स्वच्छ करा. पांढऱ्या सुती फडक्यावर मटारएवढं मेटल पॉलिश घ्या आणि वीस-तीस सेकंद जोर देऊन घासा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. तो काळा रंग म्हणजे पॉलिशने खरवडलेल्या धातूची अतिबारीक भुकटी. फडकं पांढरंच राहिलं किंवा नुसता मळ आला, तर मध्ये काहीतरी थर आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, मागची बाजू बऱ्याचदा रंगवलेली आणि पुढची उघडी असते. म्हणून मग पुढच्या कडेलाही एखाद्या कोपऱ्यात तीच परीक्षा घ्या.

घरात मल्टिमीटर असेल तर आणखी सोपं. दोन्ही टोकं हलकेच टेकवा, खुपसू नका. उघड्या धातूतून वीज वाहते आणि मीटर ‘बीप’ करतो. क्लिअर कोट आणि अ‍ॅनोडाइझचा थर, दोन्हींतून ती वाहत नाही. या दोघांमधला फरक डोळ्यांनीच ओळखावा लागतो. क्लिअर कोट जुना झाला की पिवळट पडतो, त्याला कडा सुटतात, पापुद्रे निघतात. अ‍ॅनोडाइझला पापुद्रा कधीच सुटत नाही, ते नुसतं फिकं आणि खडूसारखं होत जातं. आधीच्या मालकाने स्प्रे कॅनने चाक रंगवलं असल्याचा संशय असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं थिनर घेऊन मागे पुसा. कॅनचा साधा रंग लगेच बोळ्याला लागतो, कारखान्यातला पक्का रंग सहसा लागत नाही.

राहता राहिलं मॅग्नेशियम. आपण सगळ्याच अ‍ॅलॉय चाकांना सर्रास ‘मॅगव्हील’ म्हणतो, पण हे नाव आलं ते खऱ्या मॅग्नेशियमच्या, शर्यतीच्या गाड्यांच्या चाकांवरून. तुमची चाकं फार जुनी किंवा शर्यतीतली असतील आणि हातात घेतल्यावर संशय यावा इतकी हलकी वाटली, तर घासायच्या आधी थांबा. मागे एक ठिपका खरवडून धातू उघडा करा आणि त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका. फसफसलं तर मॅग्नेशियम. अ‍ॅल्युमिनियमवर तो थेंब गप्प बसतो. मॅग्नेशियमची भुकटी पेट घेते आणि तिच्यावर पाणी टाकलं की आग उलट भडकते. ते काम जाणत्याकडे द्यायचं, यावर माझ्याकडे दुसरा सल्ला नाही.

पायरी २: चाक उतरवा, मागून नीट बघा

गाडीवरच राहू देऊन चाकं धुता येतात, पण नीट दुरुस्ती करायची तर चाक उतरवावंच लागतं. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, विरुद्ध टोकाच्या चाकांना दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा आणि मग जॅक चढवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका, खाली जॅकस्टँड द्या. एक चाक उतरवायचं, करायचं, लावायचं, मग दुसरं, असं मी करतो. चारही एकदम उतरवली की घाई होते.

नट निघाले तरी चाक हलत नाही, हे जुन्या गाडीत हमखास घडतं. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, पोलादाचा, चाक अ‍ॅल्युमिनियमचं आणि मधे ओल. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की गंजून एकजीव होतात. चाकाच्या धातूवर हातोडा मारू नका. टायरवर मागून रबरी हातोड्याने आलटून पालटून ठोके द्या. तेवढ्यानेही नाही सुटलं तर सगळे नट परत लावून दोन-दोन फेरे सैल ठेवा, गाडी जमिनीवर टेकवा आणि बाजूने धरून हलवा. गाडीचं वजन आपलं काम करतं.

चाक हाती आल्यावर आधी पालथं करा. आऱ्यांच्या मुळाशी, टायर बसतो त्या कडेला आणि नटांच्या भोकांभोवती बोट फिरवत बघा. तडा असेल तर काम इथेच संपलं. वाकलेल्या चाकाचंही तेच. लांबी भरून, वर रंग मारून तडा दिसेनासा करता येतो, पण तो बुजत नाही. असं चाक वापरातून काढा किंवा चाकांचंच काम करणाऱ्याला दाखवा.

पायरी ३: धुणं

चाक थंड हवं आणि सावलीत हवं. तापलेल्या चाकावर रसायन वाळतं आणि त्याचे डाग पडतात.

आधी भरपूर पाणी. मग गाडी धुवायचा साधा शाम्पू, मऊ ब्रश, आणि कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश. बादली आणि फडकी चाकांसाठी वेगळी ठेवा. ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण असतात, तेच फडकं बॉडीवर फिरलं की रंगावर ओरखडे पडतात. गाडी फार जुनी असेल तर ब्रेकची धूळ कोरडी झटकू नका आणि कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू तर मुळीच नका. जुन्या ब्रेक पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओलं करून धुतलं की ती धूळ हवेत जात नाही.

शाम्पूने झाल्यावरही तपकिरी ठिपके राहतात. ब्रेक मारताना पॅड आणि डिस्कचे लोखंडी कण तापून उडतात, क्लिअर कोटमध्ये रुततात आणि तिथेच गंजतात. त्यांच्यासाठी ‘आयर्न रिमूव्हर’ मिळतो. फवारला की एक-दोन मिनिटांत चाकावरून जांभळे ओघळ वाहायला लागतात. पहिल्यांदा बघणारा दचकतो, पण तो जांभळा रंग म्हणजे औषध लोखंडाला भिडल्याची खूण आहे. वास मात्र कुजक्या अंड्यासारखा येतो, त्यामुळे मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालून वापरा. वाळू देऊ नका. ओघळ थांबले की धुवा, गरज असेल तर पुन्हा फवारा. डांबराचे ठिपके यानेही जात नाहीत. त्यांना रॉकेलचा किंवा टार रिमूव्हरचा बोळा लावून मिनिटभर धरा आणि पुसा. त्यावर पुन्हा साबण.

आम्लाचे व्हील क्लीनरही बाजारात असतात. बाटलीवर हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असं लिहिलेलं असेल तर ती खाली ठेवा. ते आम्ल कातडीतून आत शिरतं, सुरुवातीला कधी कधी दुखतही नाही, आणि आत शरीरातल्या कॅल्शियमला जाऊन चिकटतं. चाकाची चमक इतकी मोलाची नाही.

धुऊन कोरडं केल्यावर चाकावरून उघडा हात फिरवा. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी, फिरवा, सोबत साबणाचं पाणी. मग चाक उजेडात धरा. खरं दुखणं आता दिसतं, आणि खूपदा असंही दिसतं की दुखणं नव्हतंच, नुसता मळ होता. क्लिअर कोट धड असेल तर गाडीच्या रंगाला वापरतात ते पॉलिश एकदा फिरवा आणि थेट शेवटच्या पायरीवर जा. निम्म्या चाकांना यापुढे काही करायची गरज पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

पायरी ४: उघडं अ‍ॅल्युमिनियम उजळणं

ही पायरी हौसेची आणि कंबर मोडणारी. माझा एका चाकाला सहज अख्खा दिवस जातो.

हवा लागताच अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडची अतिशय पातळ साय धरते. ती दिसत नाही आणि धातूला राखते. पण ओल, मीठ आणि वर्षं यांनी ती सायच जाड आणि असमान होते. चाक मंद, राखाडी दिसतं, आणि जागोजागी पिनने टोचल्यासारखे खड्डे पडतात.

लगेच पेपर उचलू नका. तळहाताएवढ्या जागेवर नुसतं मेटल पॉलिश करून बघा. चमक आली आणि खड्डे खुपत नसतील तर पूर्ण चाक तेवढ्यानेच करा. काढलेला धातू परत येत नाही, त्यामुळे कमीत कमी काढण्यात शहाणपण आहे.

खड्डे खुपत असतील तर वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पेपर. नंबर जितका मोठा तितका तो बारीक. सुरुवात ४००ने, फारच वाईट असेल तर ३२०ने. पुढे ६००, ८००, १०००, १५०० आणि २०००. पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवून ठेवा आणि पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, म्हणजे पेपर चोंदत नाही. ओलं घासल्याने भुकटीही उडत नाही. अ‍ॅल्युमिनियमची कोरडी बारीक भुकटी ज्वालाग्राही असते. ज्या ग्राइंडरवर लोखंड घासता त्याच्याच ढिगाऱ्यात ती साचू देऊ नका.

नवशिका चुकतो ती जागा आता येते. ४००ने आडवं घासलंत तर ६००ने उभं घासा, ८००ने पुन्हा आडवं. दर नंबरला दिशा बदलली की आधीच्या पेपरचे ओरखडे वेगळे उठून दिसतात आणि ते सगळे गेले की नाही हे कळतं. चाक पुसा, कोरडं करा, टॉर्च तिरपी धरा. आडवी रेघ एक जरी दिसली तरी पुढच्या नंबरवर जायचं नाही. मी एकदा ६०० वरून थेट १५०० वर उडी मारली. ओलं असताना चाक आरशासारखं दिसत होतं. पॉलिश झाल्यावर उन्हात नेलं तर चमकीच्या आतून ६००च्या रेघा, मांजराने नखं ओढावीत तशा, सगळीकडे. परत ८०० पासून सुरुवात केली. चमक ओरखडे लपवत नाही, उलट दाखवते.

तारेची घासणी घेऊ नका, म्हणजे भांडी घासायची स्टील वूल. तिचे तुकडे मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि महिन्याभरात गंजाचे ठिपके दिसायला लागतात. घ्यायचीच तर नायलॉनची घासणी घ्या.

२००० नंतर मेटल पॉलिश. थोडं घ्या, छोटी जागा धरा, फडकं काळंकुट्ट होईपर्यंत घासा आणि तो काळा लेप वाळायच्या आत स्वच्छ फडक्याने पुसा. फडकी भरपूर लागतात, जुने बनियन यासाठी उत्तम. ड्रिलला बफ (पॉलिश करायची मऊ चकती) लावत असाल तर वेग कमी ठेवा, बाही वर सारा आणि आऱ्याच्या धारेवर बफ उलटा येऊ देऊ नका. त्या धारेत बफ अडकला की ड्रिल हातातून निसटतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिशमधलं तेल निघालं की खरी चमक समोर येते.

अपेक्षा आधीच ठरवून घ्या. ओतीव चाक कितीही घासलं तरी घडीव चाकासारखा आरसा त्याला येत नाही. त्यात सिलिकॉन असतो आणि ओतताना राहिलेली सूक्ष्म छिद्रं असतात.

पायरी ५: सुटलेला क्लिअर कोट आणि पांढऱ्या अळ्या

क्लिअर कोटच्या आत पांढऱ्या, वळवळत गेलेल्या रेघा दिसतात का? लाकडाला किडा लागावा तशा? हा एक प्रकारचा गंजच. दगडाच्या टिचक्याने, फुटपाथच्या घासणीने किंवा बॅलन्सिंगच्या वजनाच्या क्लिपने कोटला चीर पडते, तिथून ओल आणि मीठ आत शिरतं, आणि गंज कोटच्या खालून रेघ काढत पुढे सरकतो. वरून कितीही पॉलिश केलं तरी त्याला काही होत नाही, कारण तो काचेच्या पलीकडे आहे.

कोट काढावाच लागतो. थोडासाच भाग असेल तर ३२० पेपरने, आजूबाजूच्या धड कोटची कड उतरती करत घासा. पूर्ण चाक असेल तर पेंट स्ट्रिपर बरा. ‘अ‍ॅल्युमिनियमवर चालेल’ असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे, कारण काही स्ट्रिपर कॉस्टिकचेच असतात. जुन्या धाटणीच्या स्ट्रिपरमध्ये मिथिलीन क्लोराइड असायचं. त्याच्या वाफेने बंद जागेत माणसं दगावली, आणि अमेरिकेने २०१९ मध्ये रंग काढण्यासाठी त्याची सामान्य ग्राहकांना विक्री बंद केली. जुना डबा कपाटात सापडला तर वापरू नका. स्ट्रिपर लावून वर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा, कोट फुगला की प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. लोखंडी पट्टीने नको.

मग त्या अळ्या. पांढरी पूड शेवटच्या कणापर्यंत निघाली पाहिजे. थोडी जरी उरली तरी नव्या रंगाखाली तिथूनच पुन्हा सुरुवात होते. खड्डा दिसला की बाहेरून आत घासत जा, तळाशी स्वच्छ चकाकता धातू दिसेपर्यंत.

फुटपाथला घासलेली कड याच वेळी दुरुस्त करायची. आधी कानशीने उचललेले काटे उतरवा, कडेच्या गोलाईबरोबर, एकाच दिशेने. मग १२० किंवा १८० आणि पुढे ३२०. उरलेल्या खळग्यात धातूमिश्रित इपॉक्सी भरता येते, पण दोन अटींवर. जखम बाहेरच्या दर्शनी कडेवर हवी, टायर जिथे बसून हवा धरतो त्या जागी नव्हे. आणि चाक नंतर रंगवायचं हवं, कारण इपॉक्सीला धातूची चमक येत नाही, पॉलिश केलेल्या कडेवर ती मेलेल्या डागासारखी दिसते. कडेचा तुकडाच उडाला असेल तर घरी हात घालू नका.

पायरी ६: रंग

टायर काढलेला असेल तर उत्तम. नसेल तर हवा थोडी कमी करा आणि टायर व रिमच्या फटीत पत्त्यांचा जुना कॅट एकावर एक सरकवत सगळीकडून लावा. मास्किंग टेपपेक्षा हे पटकन होतं आणि कड सुरेख निघते. व्हॉल्व्ह, मधलं भोक, नट बसतात ते शंकू आणि मागचा हबला टेकणारा सपाट भाग झाकायला विसरू नका. या शेवटच्या दोन जागी रंगाचा जाड थर बसला तर चालताना तो दबतो, आणि दबला तेवढा नट सैल होतो.

झाकायच्या आधी चाक ग्रीस रिमूव्हरने दोनदा पुसा, दुसऱ्यांदा नवं फडकं घेऊन. त्यानंतर उघड्या बोटांनी शिवू नका. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर साधा प्रायमर टिकत नाही, सेल्फ-एचिंग (धातूवर स्वतःच पकड घेणारा) किंवा इपॉक्सी प्रायमर लागतो. ३२० ते ४०० नंबरने घासलं त्याच दिवशी तो मारा.

चाक उलट्या बादलीवर आडवं ठेवा, म्हणजे फिरवता येतं. डबा २०–२५ सेंटिमीटर लांब. फवारा चाकाच्या बाहेर सुरू करायचा, ओलांडून बाहेरच सोडायचा. आधी आऱ्यांच्या बाजू आणि खाचा, शेवटी दर्शनी भाग. उलटं केलंत तर बाजू भरताना दर्शनी भागावर रंग साचतो आणि ओघळतो. पहिला हात इतका विरळ की खालचं दिसत राहावं, मग दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. डब्यावर काय वेळ दिली आहे ती पाळा. हवा फार दमट असेल तर त्या दिवशी क्लिअर मारू नका, तो दुधाळ पडतो.

दोन घटकांचा, हार्डनरवाला क्लिअर कोट पेट्रोल आणि ब्रेकच्या उष्णतेपुढे जास्त टिकतो, हे खरं. पण त्यात आयसोसायनेट असतं आणि धुळीचा साधा मास्क त्याला अजिबात अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर घरी एकघटकी क्लिअर मारा, किंवा तेवढं काम रंगाच्या दुकानात द्या. मी दुकानात देतो. रंग बोटाला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला आठवडा धरा. तोवर रसायन नाही, जोराचं पाणी नाही. घाईने गरम करायला बर्नर तर मुळीच नाही. चाकाला कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून बळ दिलेलं असतं, ज्योतीने ते जाऊ शकतं.

पायरी ४ मधल्या आरशासारख्या चाकावर क्लिअर मारावा का, यावर लोक वाद घालतात. मी मारत नाही. गुळगुळीत धातूला रंग पकड घेत नाही, वर्ष-दोन वर्षांत कडेने सुटतो आणि पायरी ५ पुन्हा वाट बघत असते. उघडंच ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी हलकं पॉलिश करा.

पायरी ७: संरक्षण आणि परत बसवणं

कार्नुबा मेण सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं आणि ब्रेकजवळचं चाक चांगलंच तापतं, त्यामुळे मेणाचा हात चाकावर लवकर उडतो. सिंथेटिक सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग जास्त चालतं. ते लावलेल्या चाकावर ब्रेकची धूळ रुतत नाही, पुढच्या वेळी नुसत्या शाम्पूने निघते. आतल्या बाजूलाही लावा. तिकडे कुणी बघत नाही, पण सगळ्यात जास्त धूळ तिथेच बसते.

बसवताना हबचा सपाट भाग तारेच्या ब्रशने गंज जाईपर्यंत घासा. नटांच्या आट्यांना आणि शंकूंना ग्रीस लावू नका, नाहीतर पाना तेवढ्याच जोराने फिरवूनही नट जास्त ताणला जातो. टायरवर दिशेचा बाण असेल तर तो बघा. घासताना चिकटवलेलं वजन निघालं असेल तर बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या. सगळे नट आधी हाताने फिरवा, गाडी टेकवा, मग चांदणीच्या आकारात, समोरासमोरचे, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळा. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, पुष्कळ गाड्यांचा ९० ते १२० न्यूटन मीटरच्या दरम्यान. नव्या रंगावर पान्याचा सॉकेट घासतो, म्हणून सॉकेटभोवती टेपचा एक वेढा द्या.

८० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा टॉर्क पाना लावून प्रत्येक नट तपासा.